गॅस्ट्रिक बँड बसल्यानंतर: पत्रकात नसलेल्या गोष्टी कोण सांगेल?

प्राजक्त

वजन उतरवण्यासाठी जठराला बँड बसवण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, पहिला फिल (म्हणजे बँड आवळायला त्यात सलाईन भरणं) अजून व्हायचा आहे. मिळालेल्या पत्रकात "हळू खा, नीट चावा, गोड टाळा, जेवताना पाणी नको" एवढंच छापलंय. हे का करायचं आणि नाही जमलं तर नेमकं काय होतं, याबद्दल अवाक्षर नाही.

पोट भरलं हे बँडवाल्यांना कळतं कसं? किती मिली भरल्यावर बँड "लागतो"? घास अडकला तर काय करायचं, काय अजिबात करायचं नाही? दुसऱ्याच कशासाठी डॉक्टरकडे गेल्यावर (दात, सांधे, ताप, काहीही) काय सांगायला हवं? आणि ज्यांची बँडला काही वर्षं झाली आहेत किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांना विचारायचंय की लोकांचा हमखास गैरसमज कुठे होतो. "हिंमत ठेवा, सगळं छान होईल" अशा शुभेच्छा नकोत, त्या भरपूर मिळाल्यात. 🙂

---

मंदाग्नी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत. बँड म्हणजे जठराला लावलेलं कुलूप, हा पहिला गैरसमज. आणि कुलूप जितकं घट्ट तितकं वजन जास्त उतरेल, हा त्याच्या पोटातला दुसरा.

जठराच्या अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिका संपते तिथे, सिलिकॉनचं कडं बसवलेलं असतं. त्याच्या वर जठराचा जेमतेम १५ ते ३० मिलीचा कप्पा उरतो. पूर्वी असं सांगत की हा कप्पा भरतो आणि अन्न तासन्तास तिथे साठून राहतं. प्रत्यक्षात नीट जुळवलेल्या बँडमध्ये चावलेला घास मिनिटभरात खाली उतरतो. अन्ननलिका आकुंचन पावते, घास थोडा थोडा पिळून कड्यातून पुढे ढकलते. एका घासाला अशी चारपाच आकुंचनं लागू शकतात. दरवेळी तिथल्या नसांवर दाब येतो आणि मेंदूला "पुरे" असा निरोप जातो. म्हणजे बँडचं काम भूक मंद करण्याचं आहे. अन्न अडवून धरणं हे त्याचं काम नव्हे, ते बिघाडाचं लक्षण आहे.

यातून रोजच्या जेवणाचे नियम आपोआप निघतात. घास लहान घ्यायचा, साधारण अंगठ्याच्या नखाएवढा. लगदा होईपर्यंत चावायचा, गिळायचा, आणि पुढचा घास एक मिनिटाने. तोंडातला घास संपला म्हणजे घास संपला असं नाही, तो अजून छातीत असतो. पहिला वर असताना दुसरा पाठवला की दोघं मिळून अडकतात. वीस मिनिटांत साधारण अर्धा कप अन्न होतं. तिथे थांबायचं. भूक राहिली तरी थांबायचं, कारण निरोप पोचायला वेळ लागतो. अन्न उरलं तर उरू द्या, ताट स्वच्छ करण्याची सवय इथे महागात पडते.

पोट भरल्याची पूर्वीची खूण, म्हणजे तट्ट फुगल्यासारखं वाटणं, आता विसरायची. बँडवर ती खूण आली म्हणजे तुम्ही दोनतीन घास पुढे गेलात. नवी खूण अगदी बारीक असते: खाण्यातला रस जातो, नकळत एक खोल उसासा येतो, काहींना उचकी लागते, काहींचं चक्क नाक गळायला लागतं किंवा एखादी शिंक येते. प्रत्येकाची खूण वेगळी. टीव्ही किंवा फोन बघत जेवलात तर ती हटकून निसटते.

आता घट्टपणाबद्दल. मेलबर्नच्या पॉल ओब्रायन यांच्या गटाने रूढ केलेली पिवळा, हिरवा, लाल अशी तीन पट्ट्यांची कल्पना जवळपास सगळीकडे वापरतात. पिवळा म्हणजे लवकर भूक लागतेय, घास मोठे होताहेत, वजन जागच्या जागी आहे, बँड सैल. हिरवा म्हणजे थोडक्यात समाधान, आणि ते पुढच्या जेवणापर्यंत टिकतं. लाल म्हणजे घास अडकतात, आंबट पाणी वर येतं, रात्री आडवं झाल्यावर खोकला लागतो, घन अन्नाची धास्ती वाटते.

खरी गंमत लाल पट्ट्यात आहे. कोंबडी, अंडं, कोशिंबीर जात नाही. पण आईस्क्रीम, चॉकलेट, मिल्कशेक, चहात बुडवलेली बिस्किटं बिनबोभाट उतरतात. माणूस नकळत त्यांच्याकडे वळतो. परिणाम असा की बँड आवळल्यावर वजन वाढतं. मग तो अजून आवळा म्हणून जातो. अशा वेळी उपाय उलटा असतो: थोडं सलाईन काढून घ्यायचं, म्हणजे घन अन्न पुन्हा खाता येतं आणि वजन पुन्हा उतरू लागतं. फिलसाठी गेल्यावर "किती खाता" एवढंच सांगू नका, "काय खाता येत नाही" हेही सांगा. निर्णय त्यावर व्हायला हवा.

---

काटकोन

मंदाग्नींनी मोठं काम केलंय. मी आकडे आणि पोर्टबद्दल लिहितो (पोर्ट म्हणजे कातडीखाली बसवलेली, ट्यूबने बँडला जोडलेली डबी; फिलची सुई तिथे टोचतात).

"किती मिली" हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो जवळपास निरर्थक आहे. बँडच्या क्षमता वेगवेगळ्या असतात: लॅप-बँड या ब्रँडच्या काही जुन्या मॉडेलांत ४ मिलीच मावायचं, नंतरच्या एपी मॉडेलांत लहानात १० आणि मोठ्यात १४ मिली. त्यामुळे एकाचे ३ मिली म्हणजे कडेलोट आणि दुसऱ्याचे ६ मिली म्हणजे काहीच नाही, असं होऊ शकतं. त्यात कड्याच्या आतली चरबी प्रत्येकाची निराळी. वजन उतरलं की तीही उतरते आणि तेच मिली असूनही बँड सैल वाटायला लागतो. बिघाड झाला असं समजू नका.

बँड बसवताना तो बहुधा रिकामा किंवा जवळपास रिकामा ठेवतात. पहिला फिल साधारण चार ते सहा आठवड्यांनी, सूज उतरून बँडभोवती ऊती जुळल्यावर. तोपर्यंत भूक लागते. हा काळ लोकांना "फसलो" असं वाटायला लावतो, पण बँड अजून सुरूच झालेला नसतो. सुरुवातीला अर्धा ते एक मिली, पुढे पुढे दोनतीन दशांश मिली इतक्या बारीक पायऱ्या. शेवटच्या टप्प्यात ०.२ मिलीने हिरव्यातून लालमध्ये जाता येतं, विश्वास बसणार नाही इतकं.

फिल करताना पोर्टमध्ये ह्यूबर सुईच हवी. साध्या इंजेक्शनच्या सुईने पोर्टच्या पडद्याचा तुकडा कापला जातो आणि तिथून गळती सुरू होते. ह्यूबर सुईचं टोक असं वळवलेलं असतं की पडदा फाकतो आणि सुई काढल्यावर पुन्हा मिटतो. त्वचा शस्त्रक्रियेच्या वेळी करतात तितकी काटेकोर निर्जंतुक करायची, कारण पोर्टमधला जंतुसंसर्ग ट्यूबवाटे बँडपर्यंत पोचतो. बाहेर पडण्याआधी तिथेच बसून ग्लासभर पाणी घोटाघोटाने पिऊन बघा. पाणी छातीत थांबलं तर तिथल्या तिथे थोडं काढून घेता येतं. घरी गेल्यावर रात्री अकराला ते काढणारं कोणी सापडत नाही. त्याच कारणाने लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी किंवा सलग सुट्टीच्या तोंडावर फिल करू नये. फिलनंतर एकदोन दिवस द्रव, मग मऊ, मग घन. सूज दुसऱ्या दिवशीही वाढू शकते.

दरवेळी किती होतं, किती काढलं, किती भरलं आणि तारीख, हे स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा. याचा उपयोग नंतर कळतो. समजा वर्षदोन वर्षांनी अचानक पूर्वीसारखं पोटभर खाता यायला लागलं. प्रत्येक जण म्हणतो "सैल झाला, भरून टाका". थांबा. याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपचार परस्परविरुद्ध. सगळं सलाईन काढून मोजायचं. नोंदीपेक्षा बरंच कमी निघालं तर ट्यूब किंवा पोर्ट गळतोय, तिथे भरण्यात अर्थ नाही. तेवढंच निघालं तर बेरियम पाजून एक्स-रे. वरचा कप्पा किंवा अन्ननलिका ताणून मोठी झालेली दिसू शकते. तसं असेल तर बँड रिकामा करून काही आठवडे विश्रांती द्यावी लागते. अन्ननलिका ताणली जाणं दुखत नाही, म्हणून काही त्रास नसला तरी अधूनमधून हा एक्स-रे करावा असं माझं मत. आणि तिसरं कारण म्हणजे बँड जठराची भिंत झिजवून आत शिरणं. त्याचं एक फसवं लक्षण असं की शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने किंवा वर्षांनी पोर्टची जागा लाल होते, पू येतो. वरवर प्रतिजैविकं देऊन ते दाबत बसू नये, एंडोस्कोपी करून आत बघावं लागतं. झिजून आत आलेला बँड काढावाच लागतो.

पोर्ट उलटा होणं हा त्यामानाने साधा प्रकार. सुई टोचली की कडक धातू लागतो, आत जात नाही. एक्स-रेत दिसतं. लहानशी शस्त्रक्रिया करून पुन्हा शिवतात.

---

उगाचच

दोघांनाही धन्यवाद, वाचनखूण साठवली. घास अडकला तर गरम पाणी किंवा सोडा प्यायचा, म्हणजे ढकलला जातो, असं ऐकलंय. पपईच्या एन्झाइमच्या गोळ्यासुद्धा चघळतात म्हणे लोक. खरं आहे का?

---

लिंबोणी

@उगाचच, ढकलणारं काहीही नको.

अडकल्याची लक्षणं आधी सांगते, कारण पहिल्या वेळी बरेच जण हृदयविकार समजून घाबरतात. छातीच्या मधोमध आवळल्यासारखं दुखतं, कधी डाव्या खांद्यात किंवा पाठीत कळ जाते, तोंडात एकदम लाळ सुटते. थोड्या वेळाने फेसाळ, चिकट लाळ वर यायला लागते. ही उलटी नव्हे. अन्न जठरात पोचलेलंच नसतं, म्हणून त्याला आंबट वासही नसतो. मात्र जेवणाशी संबंध नसताना असं दुखलं, घाम आला, धाप लागली, तर बँडच्या नावावर टाकून बसू नका, ताबडतोब हृदय तपासून घ्या.

काय करायचं: खाणं तिथेच थांबवायचं. ताठ बसायचं किंवा उभं राहून सावकाश चालायचं. लाळ गिळायची नाही, थुंकायची. वाट बघायची; बहुतेक वेळा घास खाली जातो किंवा आपोआप वर येतो. पाणी ओतलं तर ते अडकलेल्या घासावर साचतं आणि दुखणं वाढवून परत वर येतं. सोड्यातला वायू फुगायला जागाच नसते. पपईच्या किंवा मांस मऊ करणाऱ्या एन्झाइमबद्दल: अन्ननलिकेत अडकलेलं मांस विरघळवायला पपेन पूर्वी दवाखान्यांतही वापरत. अन्ननलिकेला भोक पडल्याची उदाहरणं झाली, म्हणून तो उपाय सोडून दिला. चघळायच्या गोळीत त्याचं प्रमाण फार कमी असतं, पण मग उपयोगही नसतो. बोटं घालून उलटी काढणं तर नकोच नको. जोरात उलट्या केल्याने बँडखालचं जठर वर सरकतं, म्हणजे बँड घसरतो.

घास गेला की काम संपलं असंही नाही, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. तिथे सूज आलेली असते. पुढचे २४ तास फक्त द्रव, त्यानंतर दिवसभर मऊ अन्न. सूज असताना घन खाल्लं की पुन्हा अडकतं, पुन्हा सूज, आणि हे चक्र आठवडाभर चालतं. काही जण या सुजेला "वा, बँड छान लागला" समजतात!

लाळसुद्धा गिळता येत नसेल, घोट घोट पाणीही तासन्तास परत येत असेल, किंवा पोटात सतत तीव्र दुखत असेल, ताप किंवा नाडी वाढली असेल, तर उद्यावर ढकलू नका. घसरलेल्या बँडमुळे जठराचा रक्तपुरवठा तुटू शकतो. आपत्कालीन विभागात गेल्यावर स्पष्ट सांगा: "पोटात बँड आहे, आधी त्यातलं सगळं सलाईन काढा." बँडचा अनुभव नसलेल्या शल्यविशारदालाही हे जमतं. ह्यूबर सुई नसेल आणि जीवाशी आलं असेल तर साधी बारीक सुई चालते. पोर्ट नंतर बदलता येतो.

अडकणारे नेहमीचे पदार्थ: ताजा मऊ ब्रेड (लाळेत त्याचा गोळा होतो, कडक भाजलेला टोस्ट जातो), गोळा होणारा भात, कोरडं पडलेलं कोंबडीचं मांस, तंतुमय भाज्या, संत्र्याच्या फोडीवरची साल. पुन्हा गरम केलेलं मांस ताज्यापेक्षा जास्त अडकतं, कारण ओलावा गेलेला असतो. रस्सा किंवा दही लावून ओलसर करा, फरक पडतो.

आणखी एक. सकाळी बहुतेकांचा बँड घट्ट असतो, संध्याकाळी सैलावतो. सर्दी, ताण, पाळीच्या आधीचे दिवस, पाणी कमी पडणं, या सगळ्याने काहींना घट्टपणा जाणवतो. सकाळी कोमट पेयाने सुरुवात करून नाश्ता उशिरा ठेवला तर अर्धी अडचण तिथेच मिटते. एका वाईट दिवसावरून फिल काढायला धावू नका; आठवडाभराचा कल बघा. रात्रीचा खोकला मात्र याला अपवाद. झोपेत अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून तो दोनतीन रात्री सलग आला तर फोन कराच.

---

मंदाग्नी

लिंबोणींच्या प्रतिसादाला दुजोरा. फक्त पाण्याबद्दल एक जोड. "जेवताना पाणी प्यायलं की अन्न धुऊन खाली जातं आणि लवकर भूक लागते", हे जे कारण पत्रकांत देतात ते मला पटत नाही. घास तसाही मिनिटभरात उतरत असेल तर धुवायला वर काही उरतच नाही. पण नियम पाळावा, कारण वेगळं आहे: एखादा घास रेंगाळलेला असेल तर वरून आलेलं पाणी त्याच्यावर अडतं.

---

काटकोन

इथे थोडा असहमत. बँड किंचित सैल असलेल्यांना घासागणिक घोट घेऊन कितीतरी जास्त खाता येतं, हे वारंवार दिसतं. सिद्धान्त काहीही असो. जेवण झाल्यावर अर्धा तास पाणी नाही, बाकी दिवसभरात घोटाघोटाने दीड ते दोन लिटर, यावर तरी आपलं एकमत होईल. एकदम तहान भागवता येत नाही, म्हणून बाटली सतत जवळ हवी. बद्धकोष्ठता आणि चक्कर या दोन तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा अपुऱ्या पाण्यात सापडतं.

---

लिंबोणी

प्राजक्त, "दुसऱ्या डॉक्टरकडे काय सांगायचं" हा प्रश्न राहिला होता.

पाकिटात एक कार्ड ठेवा: बँडची कंपनी आणि मॉडेल, क्षमता, सध्या किती मिली, शेवटच्या फिलची तारीख, पोर्ट कुठे आहे, शल्यविशारदाचा फोन. एमआरआयच्या आधी मॉडेल विचारतात. बहुतेक बँडना अटींसह एमआरआय चालतो, पण ते कार्ड बघून त्यांनाच ठरवू द्या. कुठल्याही कारणाने भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा. तुम्ही ठरलेले तास उपाशी असलात तरी बँडच्या वर अन्न किंवा पाणी राहिलेलं असू शकतं आणि भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकतं. मोठ्या शस्त्रक्रियेआधी बँड रिकामा करायचा का, हेही आधीच विचारून घ्या.

औषधांत पहिली गोष्ट: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही वेदनाशामकं टाळायची. जठरात व्रण होतो, बँड झिजून आत जाण्याचा धोका वाढतो. "मग इंजेक्शन द्या" हा उपाय नाही, ती रक्तातूनही जठराच्या अस्तरावर तोच परिणाम करतात. दंतवैद्य आणि अस्थिरोगतज्ज्ञ ही औषधं सवयीने लिहून देतात, म्हणून आधीच बोला, पॅरासिटामॉल चालतं. हृदयासाठी दिलेलं ॲस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका, विचारा.

मोठी गोळी अडकते. द्रवरूप औषध मागा किंवा तोडून, चुरून घ्या, पण "सावकाश सुटणारी" गोळी कधीही चुरू नका. दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. विरघळणारी गोळी असेल तर बुडबुडे पूर्ण निघून गेल्यावर प्या. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या ॲलेन्ड्रोनेटसारख्या गोळ्या अन्ननलिकेत थांबल्या तर तिथे भाजल्यासारखी जखम होते, त्यांना पर्याय मागा.

मधुमेह, रक्तदाबाची औषधं घेत असाल तर वजन उतरायच्याही आधी, खाणं कमी झाल्याबरोबर डोस बदलावा लागतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी जुन्याच मात्रेत चालू राहिली तर साखर धोकादायक उतरते. स्त्रियांसाठी: वजन घटलं की पाळी नियमित होऊन अनपेक्षित गर्भधारणा होऊ शकते, आणि उलट्या होत असतील तर गर्भनिरोधक गोळीवर विसंबता येत नाही. पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. राहिलीच तर बँड सैल करता येतो, घाबरण्याचं कारण नाही.

बँडमध्ये आतडं वळवलेलं नसतं, त्यामुळे "मला व्हिटॅमिनं नकोत" असं वाटतं. शोषण शाबूत असलं तरी खाणंच निम्म्यावर आलेलं असतं. लोह, बी१२, फोलेट, डी यांची तपासणी वर्षातून एकदा करा. प्रथिनं दिवसाला साधारण ६० ग्रॅम. ताटातला प्रथिनांचा पदार्थ आधी खायचा, कारण नंतर जागा उरत नाही. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. तो झपाट्याने वजन उतरल्याचा परिणाम असतो, प्रथिनं आणि लोह ठीक असेल तर परत येतात. याच काळात उजव्या बरगडीखाली, विशेषतः तेलकट खाण्यानंतर, कळ येत असेल तर बँडला दोष देण्याआधी पित्ताशयाची सोनोग्राफी करा. वजन भरभर उतरताना खडे होतात.

एक गोष्ट ठळक अक्षरांत: आठवडादोन आठवडे वारंवार उलट्या झाल्या असतील तर थायमिन, म्हणजे बी१, संपलेलं असू शकतं. चालताना तोल जाणं, दुहेरी दिसणं, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. अशा रुग्णाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आपत्कालीन विभागात हे नातेवाइकांनी आठवणीने बोलायला हवं, कारण रुग्ण सांगण्याच्या अवस्थेत नसतो.

---

प्राजक्त

वही आजच सुरू केली, कार्डही बनवते. एकच शंका: आंबट पाणी वर आलं तर लगेच दात घासायचे की नाही?

---

लिंबोणी

लगेच नाही. आम्लाने दातांचं आवरण मऊ झालेलं असतं, ब्रशने ते खरवडलं जातं. साध्या पाण्याने किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने. आणि असं वारंवार होत असेल तर दंतवैद्याच्या आधी फिलवाल्यांची वेळ घ्या.